प्रसाद समजून जपलेली चिठ्ठी

मकरंद हे कुणाला सांगणारच नव्हता. स्वतःची फजिती कोण सांगत बसतं? पण घडलं ते असं.

जपानमधल्या वृद्धाश्रमात कामाला लागल्यापासून तो जपानी भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. तिसरा निकाल उद्या होता. यंदाही परीक्षा गेली तर बॅग भरून सरळ बार्शी, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. त्याचं मन रमावं म्हणून दोस्त सुशील त्याला मात्सुए शहर दाखवायला घेऊन आला.

किल्ल्याजवळच्या देवळात दोघांनी भविष्याची चिठ्ठी काढली. मकरंदने ती न उघडताच कपाळाला लावली आणि पाकिटात ठेवली. मग खंदकातली होडी. ठेंगणा पूल आला की नावाडी छत खाली घ्यायचा आणि सगळे वाकायचे. तसं वाकलेलं असतानाच शेजारच्या जपानी आजीने विचारलं, "आईची आठवण येते का रे?" मकरंद उतरेपर्यंत तिच्याशी बोलत राहिला.

संध्याकाळी तळ्याकाठी त्याने चिठ्ठी उघडून सुशीलला दाखवली.

"येड्या, ही तर महाअशुभ! वाईट निघाली की तिथंच देवळातल्या दोरीला बांधून यायची असते. तू दिवसभर घेऊन फिरतोयस?"

"मला वाटलं, प्रसाद आहे."

सुशील हसून हसून लोळला. "पण लेका, ही खिशात असताना तू आजीशी अर्धा तास जपानीत गप्पा हाणल्यास. एकदा तरी अडलास का?"

सूर्य पाण्यात उतरत होता. मकरंदने चिठ्ठीची घडी घालून ती पुन्हा पाकिटात ठेवली.

"उद्या निकाल बघू, मगच बांधू ही. आणि सुश्या, शब्द देतो, नापास झालो तरी बॅग भरणार नाही."