दार उघडं ठेवून

काकडीची फोड उचलली आणि परत ताटलीत ठेवली. डॉक्टरांनी रोज सॅलड खायला सांगितलंय. पण मागच्या महिन्यात गाजराचा तुकडा घशात अडकला, तेव्हा घरात मी एकटाच होतो. तेव्हापासून घास उचलला की छाती धडधडते. बायको होती तोवर ठसका लागला की ती पाठ थोपटायची, म्हणायची, "वर बघा, वर." ती चैत्रात गेली. आता चहात बिस्किटं बुडवून दिवस काढतो. वजन पाच किलो उतरलंय.

समोरच्या शेवंताबाईंनी दार वाजवलं. "भावजी, तुमच्या कचऱ्यात रोज नुसते बिस्किटांचे पुडे. जेवता की नाही?"

लाज वाटली, तरी सांगून टाकलं. "घास घ्यायची भीती वाटते. अडकला तर?"

"मग कच्चं खाता कशाला? गुरं आहात का? दुधी शिजवा, त्यात मुगाची डाळ घाला. आणि दार उघडं ठेवून जेवा. मी समोर भाजी निवडत बसते."

दुपारी दुधी अगदी मऊ शिजवला, त्यात भाकरी कुस्करली. दार उघडून ताट उंबऱ्याजवळ घेतलं. समोर शेवंताबाई भाजी निवडत बसल्या होत्या. पहिला घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला ठसका लागला. श्वास कोंडला, डोळ्यांत पाणी आलं.

"वर बघा भावजी, वर!" शेवंताबाई ओरडल्या.

मी वर बघितलं. ठसका थांबला, तरी बराच वेळ वरच बघत राहिलो.

"गेला का खाली?"

"गेला," म्हणालो आणि चौथा घास उचलला.