मास्तरांची खुर्ची

निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून चालायची. आम्ही औंढ्याकडची पोरं काही कळलं नाही तरी "जी" म्हणून मान डोलवायचो, कारण मास्तरांना "समजलं नाही" म्हणणं बेअदबीचं वाटायचं. असं करत मॅट्रिकला नापास झालो. बद्रुद्दीन मास्तरांनी आमच्यासाठी सकाळचा जादा वर्ग काढला. तिथं ते तरटावर बसत, नापास पोराला आपल्या खुर्चीत बसवून त्याच्याकडून भूमिती शिकत आणि मधेच अडवून म्हणत, "न्हाई समजलं." मास्तर खाली आणि पोरगं खुर्चीत, हे वर कळलं, तसे एकदा हा वर्ग बंद करायला शाळा तपासनीस आले. त्यांनी फळ्यावर भरभर एक प्रमेय मांडलं आणि विचारलं, "समझे?" जुन्या सवयीनं आम्ही सगळे "जी" म्हणालो. खुर्चीतला ग्यानबा मात्र उभा राहिला. "न्हाई समजलं, सायब." मागं तरटावरून मास्तर म्हणाले, "हुजूर, मलाबी न्हाई." साहेबांनी फळा पुसून सावकाश सुरुवात केली.