चार नंबरचा नमुना

तपासणीच्या प्लेटवर खालच्या रांगेतला चौथा खळगा निळा व्हायला नको होता. तो झाला, आणि चांगला गडद झाला.

वरच्या रांगेत एचआयव्हीच्या रुग्णांचं रक्त होतं. ते निळं होणारच. खालच्या रांगेत, तुलनेसाठी, निरोगी माणसांचं. निरोगी म्हणजे कोण, तर प्रयोगशाळेतलीच सहा जणं. घरचीच माणसं म्हणून त्यांची साधी एचआयव्ही तपासणीही कुणी केली नव्हती. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. चार नंबर कोण हे फक्त प्लेट लावणाऱ्या तंत्रज्ञाला ठाऊक होतं, कारण ती स्वतःच चार नंबर होती.

"पुन्हा लावून पाहिलंस ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ही तिसरी वेळ."

हा निळा रंग म्हणजे पेशींची बोंबाबोंब, असं डॉक्टरबाई नव्या लोकांना सांगायच्या. विषाणू घुसला की पेशी रेणू सोडून एकमेकींना हाका मारतात. तो जितका पुढे सरकतो तितका आरडाओरडा वाढतो, आणि ओरडून ओरडून शेवटी राखणदारच थकतात. यावर ती दर वेळी हसायची. आज तिला हसू आलं नाही.

"सर्दीबिर्दी झाली असेल कुणाला. त्यानंही वाढतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकासाठी कशाला डोकं पिकवायचं? गाळून टाकू." त्यांनी वहीत चारवर लाल रेघ मारली.

सुटले बाबा, असं तिला वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. सर्दी तिला वर्षभरात झाली नव्हती. सुई मात्र टोचली होती, दहा महिन्यांपूर्वी, रुग्णाच्या रक्ताची, हातमोज्यातून. तेव्हा सातवा महिना चालू होता. सांगितलं असतं तर गोळ्या, चौकशी, घरी रडारड. तिने बोट नळाखाली धरलं आणि तोंड मिटून घेतलं. परवा या प्रयोगासाठी रक्त द्यायलाही हो म्हणाली, कारण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

फोन वाजला. नणंद होती. "वहिनी, बाळ उठलंय. पाजायला येतेयस ना?"

पावणेएक झाला होता. रोज या वेळेला ती एप्रन काढून पळायची. घर दोनच गल्ल्या पलीकडे होतं.

"थांब जरा," म्हणत तिने फोनवर हात ठेवला. "गाळू नका, बाई. चार नंबर मी आहे. मला सुई टोचली होती."

डॉक्टरबाईंचं पेन वहीवरच राहिलं. "कधी?"

"बाळ पोटात होतं तेव्हा."

डॉक्टरबाईंनी वही मिटली. मग रक्त काढायचा ट्रे ओढला. "बाही वर कर. आणि बाळालाही घेऊन यायला सांग."

तिने फोन कानाला लावला. "त्याला घेऊन इकडे ये. निघताना वरचं दूध पाज."

"अगं, तुझं काढून ठेवलेलं आहे की फ्रीजमध्ये."

"ते नको. ते ओतून टाक."

पलीकडे बाळ रडायला लागलं. ती फोन तसाच धरून ऐकत राहिली. एप्रनवर छातीशी दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले.