कपाळावरचा डाग

मंगळवारी मी शिकवते त्या बायकांच्या इंग्रजीच्या वर्गात डबाभर पॅनकेक घेऊन गेले. ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपवास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये घरातली अंडी, लोणी संपवायला पॅनकेक करतात, असा धडा होता. वसतिगृहात पोळ्या करणाऱ्या कुसुमताई पारखे काहीतरी सांगायला उठल्या. "इंग्रजीत सांगा," मी म्हटलं. त्या थोडा वेळ शब्द शोधत राहिल्या आणि मग खाली बसल्या.

बुधवारी त्या कपाळावर काळा डाग घेऊन आल्या. "कुसुमताई, तव्याची काजळी लागलीय," म्हणत मी हसतहसत ओल्या रुमालानं डाग पुसून टाकला. सगळा वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत.

"मॅडम, ती राख होती," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी चर्चमध्ये फादरांनी लावली. आजपासून आमचे उपवास."

"तुम्ही ख्रिस्ती आहात? मग काल बोलला का नाहीत?"

"तेच सांगायला उठले होते."

सहा महिने त्या माझ्या वर्गात येत होत्या आणि मी त्यांना पोळ्यांपलीकडे कधी काही विचारलं नव्हतं. कशीबशी माफी मागून मी त्यांना पुढे बोलावलं, त्यांच्याकडचे उपवास मराठीत सांगायला लावले आणि स्वतः त्यांच्या बाकावर जाऊन बसले. त्या आजोळच्या आठवणी सांगत होत्या, बायका उत्सुकतेनं प्रश्न विचारत होत्या. मला मात्र तास संपेपर्यंत त्यांच्या कपाळाकडे बघता आलं नाही.