केळीचा चीक

तान्ह्या चंदनला खोकला झाला म्हणून आई-बाप त्याला जसोंडीहून दवाखान्यात घेऊन आले होते. डॉक्टर चारुलताने त्याचं झबलं काढलं, तर दंडावर बोटांच्या आकाराचे काळसर डाग दिसले.

“ते काही नाही मॅडम, केळीचा चीक आहे,” बाप भूपेंद्र हसत म्हणाला. “घड कापून आलो अन् हात न धुताच उचललं याला.”

त्याचे स्वतःचे तळवेही चिकाने काळे पडलेले होते. चारुलताला ते पटण्यासारखं वाटलं, पण तिचं कुतूहल शमलं नाही.

“चिकाचा रंग नंतर बदलतो का हो?”

“बिलकुल नाही! एकदम पक्का. काळा तो काळाच.”

तिने बाळाला हलकेच पालथं केलं. “मग पाठीवरचे हे डाग हिरवे-पिवळे कसे?”

भूपेंद्रचं हसू थांबलं. “रांगता रांगता पडला असेल कुठंतरी.”

“हा रांगतो? अजून धड कुशीवरही वळत नाही हो हा.”

चारुलताने बाळाला पुन्हा झबलं घातलं.

“याला आजच भरती करून घेते. पूर्ण तपासणी होईल. याच्याजवळ फक्त आई थांबेल, तुम्ही बाहेर बसा.”

भूपेंद्र बाहेर गेला. त्याच्यामागे दार बंद झालं, तशी बाळाची आई सुमन स्टूल ओढून पुढे सरकली आणि तिने स्वतःच्या ब्लाउजची बाही वर केली.

“मॅडम, हा डाग पण बघून घ्या. माहेरी मी हाही चीकच आहे म्हणून सांगितलंय.”