दुसरा प्रश्न

"पहिला प्रश्न," फादर रेमंड म्हणाले, "बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती होण्याची आपली इच्छा आहे का?"

वर्षाराणीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि ती खुदकन हसली. काजू फोडून फोडून काळ्या पडलेल्या बोटांनी तिने गळ्यातले लिंग चाचपले. "न्हाय, फादर. माझा महादेव मला बरा हाय. त्याच्याबद्दल माझी काय तक्रार न्हाय."

संगमेशचा जीव अर्धा भांड्यात पडला. एक नकार पदरात पडला होता. दुसरा पडला की तो मोकळा होणार होता.

चंदगडच्या त्या कौलारू घराच्या सोप्यात पाच माणसे होती आणि पाचही जण अवघडलेले होते. वर्षाराणी ही संगमेशची प्रथम पत्नी. न्यायालयाने त्यांचा विवाहविच्छेद मंजूर केला, त्यास पुष्कळ वर्षे लोटली होती. त्याच्या शेजारी बसलेली रेजिना ही द्वितीय पत्नी. ती जन्माची कॅथोलिक. परंतु तिचा विवाह सरकारी कचेरीत सह्या करून पार पडला होता. कोर्टाच्या कागदाने पहिला संसार सुटतो, असे चर्च मानीत नाही. तेव्हापासून दर रविवारी सारे लोक कम्युनियनचा पवित्र प्रसाद घेण्यास रांगेत उभे राहत, आणि तो घेण्यास मनाई असलेली रेजिना मागल्या बाकापाशी गुडघे टेकून नुसती पाहत राही. ते पाहून संगमेशच्या अंतःकरणास पीळ पडे.

अखेर त्याने स्वतःच कॅथोलिक होण्याचा निश्चय केला. उचगावातील भाऊबंद अंगावर धावून आले. कागलच्या कारखान्यातले सोबती "काय संगाप्पा, नाताळाला केक पायजे बरं का!" म्हणून चेष्टा करू लागले. तो डगमगला नाही. फादरांनी मात्र एक रीत सांगितली. पहिल्या पत्नीस समक्ष भेटून दोन प्रश्न विचारावे लागतात. दोहोंस ती मनापासून 'नाही' म्हणाली, तरच बाप्तिस्म्यानंतर चर्चमध्ये रेजिनाशी लग्न लागू शकते.

"ती कशाला व्हय म्हणतीया, फादर?" संगमेश तेव्हा बोलला होता. "दोनदा आणाय गेलतो तिला. उंबऱ्यातनंच म्हणाली, मेले तरी तुमच्या घरात नांदणार न्हाय."

हेच त्याने लग्नापूर्वी रेजिनालाही सांगितले होते. टाकून दिलेल्या माणसाला आधार द्यावा, एवढ्याच भावनेने तिने चर्चमधला प्रसाद सोडला होता आणि त्याचा हात धरला होता. आज ती हट्टाने बरोबर आली होती. "जिच्या 'नाही'वर माझा संसार उभा राहणार, तिला एकदा हात जोडून येते," असे तिचे म्हणणे होते.

दाराशी वर्षाराणीचा भाऊ शिवप्रसाद उभा होता. पूर्वी तो संगमेशला दाजी म्हणे. आज त्याने स्वागत केले ते असे, "या पावणं. आता काय न्यायचं ऱ्हायलंय?" वर्षाराणीने मात्र चहा देता देता हळूच विचारले होते, "अत्तींचं गुडघं कसं हाईत? तेल लावत्यात न्हवं?" सासूची ही विचारपूस कानी पडताच रेजिनाचा कप ओठांपाशीच थांबला होता. संगमेशने नजर दुसरीकडे वळवली होती.

फादरांनी चष्मा सारखा केला. "आता दुसरा प्रश्न. संगमेश कॅथोलिक झाले, तरी त्यांच्याबरोबर शांततेने नांदायला आपण तयार आहात का?"

वर्षाराणीने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. मग सोडले.

"व्हय," ती म्हणाली.

सोप्यात जणू वीज कोसळली. फादर पुढे झुकले. "काय म्हणालात आपण?"

"व्हय म्हटलं. नांदते की."

संगमेश ताडकन उठला. त्याच्या पायाच्या धक्क्याने चहाचा कप कलंडला. "खुळी हाईस का काय गं? घटस्फोट झालाय आपला! सही हाय तुझी त्येच्यावर!"

"हाय की सही. वकिलानं बोट ठिवलं तिथं केली." वर्षाराणीचा आवाज तसूभरही चढला नाही. "दागिनं मिळालं का, त्येनं विचारलं. भांडी मिळाली का, विचारलं. नांदतीस का म्हणून आजपतोर एकानंबी विचारलं न्हाय. माझ्या आप्पास्नी बरं नव्हतं म्हणून चार दिस म्हायेरी आलते मी. तुमी न्यायला येणार हुता. रोज सांजच्या यष्टीला जाऊन बघत हुते. तुमी काय आला न्हाईसा. नोटीस तेवढी आली."

"खोटं असंल तर सांगा की, पावणं," शिवप्रसाद दारातून म्हणाला. "हितंच सांगा. फादरांच्या म्होरं."

संगमेश वाकून कलंडलेला कप सरळ करू लागला. कारखान्यात, भाऊबंदांत, फादरांपुढे, रेजिनापुढे दोनदा आणायला गेल्याची हकीकत त्याने इतक्यांदा सांगितली होती की ती त्याला स्वतःलाही खरी वाटू लागली होती. फादरांनी चष्मा काढून हातात घेतला होता आणि ते जमिनीवर पसरत चाललेल्या चहाकडे पाहत होते.

"रेजिना," तो कसाबसा म्हणाला, "चल. आपल्या घरी जाऊन बोलू आपण."

रेजिना उठली. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. ती वर्षाराणीसमोर गेली आणि ठरवून आली होती त्याप्रमाणे तिने दोन्ही हात जोडले. मग ती फादरांकडे वळली.

"फादर," ती म्हणाली, "तो दुसरा प्रश्न आता मला विचारा."