वाढत्या अंगाचं जाकीट

भवानी पेठेतल्या कारखान्यात अक्कम्मानं जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. यंदा पहिल्यांदाच तिच्याकडं सैनिकांच्या बुलेटप्रूफ जाकिटांची कव्हरं शिवायला आली. दुपारी मशीनच्या घरघरीत तिचे डोळे जड व्हायचे आणि हातातल्या हिरव्या कापडावरून खाकी चड्ड्यांतली पोरं मैदानभर पळत सुटायची. हात आपले शिवतच राहायचे.

तपासायला आलेल्या साहेबांच्या बोटांना कव्हरच्या कडेला आत दुमडलेलं कापड लागलं.

“हे जास्तीचं कशाला, मावशी?”

“पुढं उसवून मोठं करता येतंय. वाढतं अंग असतंय की.”

साहेब हसले. “आत गोळी अडवणारी पाटी असते, मावशी. आधी पोलादाची होती, मग सिरॅमिकची आली, आता त्याहून हलकी आलीय. पण ती काही वाढत नाही.”

“आन् घालणारी पोरं केवढी?”

“भरती होतात तेव्हा अठरा-एकोणीसची.”

“मग वाढत्यात की अजून.”

साहेब जरा वेळ ते कापड चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, “कापून टाका.”

अक्कम्मानं कात्री घेतली. मैदानावर पोरं अजून पळतच होती. कात्री फिरली की त्यातलं एक जागीच थांबायचं.